किडनीबद्दल लोक काय शोधतात? सीमाभागात गुगल ट्रेंड्स वापरायची पद्धत

मार्चमधला दुसरा गुरुवार हा जागतिक मूत्रपिंड दिन. २००६ पासून तो पाळला जातो. २०२६ मध्ये तो १२ मार्चला येतो. फेब्रुवारी संपत आला की बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडीकडे शिबिरांची धांदल सुरू होते. हॉल ठरतो, डॉक्टर ठरतात, फ्लेक्स छापून येतो: ‘मूत्रपिंड विकार जनजागृती शिबिर’. मग खुर्च्या अर्ध्या रिकाम्या राहतात आणि आयोजक म्हणतात, लोकांना आरोग्याचं काही पडलेलंच नाही.

पडलेलं असतं. लॅबच्या दारात उभा असलेला माणूस बघा. हातात रिपोर्ट, त्यात एका ओळीत ‘सीरम क्रिएटिनिन’, म्हणजे किडनी कितपत काम करते ते सांगणारं रक्तातलं माप, आणि पुढे ठळक अक्षरात १.८. डॉक्टर संध्याकाळी सहाला येणार आणि आत्ता वाजलेत साडेअकरा. तो मोबाइल काढतो आणि माइकचं बटण दाबून विचारतो, ‘क्रिएटिन वाढल्यावर काय होतं?’ किडनीबद्दलचं खरं कुतूहल या क्षणाला जागं होतं आणि त्याची नोंद कुठल्याही शिबिराच्या रजिस्टरात होत नाही. गुगलकडे मात्र होते. अशा लाखो नोंदींचा एकत्रित, नाव-गाव काढून टाकलेला अंश गुगल ट्रेंड्स फुकट दाखवतं.

तो कसा वाचायचा याची ही पद्धत आहे. शिबिर घेणारी मंडळं, तालुक्याचे पत्रकार, कम्युनिटी मेडिसिनचे विद्यार्थी आणि आशाताईंना प्रशिक्षण देणारी मंडळी डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. यातून पेशंट मोजता येत नाहीत. लोक कोणत्या शब्दांत विचारतात, कधी विचारतात आणि कुठल्या गोष्टीची भीती बाळगतात, एवढंच यातून कळतं. शिबिरासाठी तेवढं पुष्कळ आहे.

आधी प्रश्न ठरवा

‘किडनीबद्दल लोकांना किती रस आहे’ हा प्रश्न फार ढोबळ आहे. त्याचं उत्तर आलं तरी त्याचं करायचं काय? त्याऐवजी असं विचारा: पत्रकाच्या मथळ्यावर ‘किडनी’ लिहू की ‘मूत्रपिंड’? भाषणात मुतखड्याला किती वेळ द्यायचा आणि डायलिसिसला किती? मूत्रपिंड दिनाच्या आठवड्यात लोक खरंच जास्त शोधतात, की तो दिवस फक्त आपल्यालाच माहीत असतो? अशा प्रश्नांना ट्रेंड्स बरं उत्तर देतं.

‘रायबाग तालुक्यात किडनीचे रुग्ण वाढलेत का’ याला ते उत्तर देत नाही, देणारही नाही. कारण पुढे येईलच.

शब्द गोळा करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक जण एक ‘किडनी’ शब्द टाकतात, आलेख बघतात आणि निष्कर्ष काढून मोकळे होतात. आपल्या भागात तर हे अजिबात चालत नाही. एकाच घरात आजोबा मराठीत बोलून शोधतात, नात इंग्रजीत टाइप करते, शेजारी कन्नडमध्ये बघतो आणि बरेच जण मराठी वाक्य रोमन अक्षरांत लिहितात.

शब्द मिळवायची चांगली जागा म्हणजे औषधाच्या दुकानाचा काउंटर आणि लॅबचा नमुना घेणारा मुलगा. त्यांना विचारा, लोक नेमके कोणते शब्द वापरतात. ‘शुगरमुळं किडनीवर परिणाम झालाय’, ‘लघवीला फेस येतोय’, ‘पायाला सूज आहे’, ‘क्रिएटिन वाढलंय’, ‘डायलेसिसवर टाकलंय’, ‘खडा अडकलाय’. जसे ऐकले तसे वहीत उतरवा. शुद्धलेखन सुधारू नका. ट्रेंड्सला ‘डायलिसिस’ आणि ‘डायलेसिस’ हे दोन वेगळे शब्द वाटतात. चुकीच्या स्पेलिंगची आणि वेगवेगळ्या रूपांची बेरीज ते आपणहून करत नाही.

यानंतर गुगलचा सर्च बॉक्स. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत ‘किडनी’ टाइप करून थांबा आणि खाली येणाऱ्या सूचना वाचा. मग ‘किडनीचे’, ‘किडनीला’, ‘मुतखडा’, ‘लघवी’ असं एकेक करून बघा. हेच रोमन लिपीत करा. कन्नड येणाऱ्या मित्राला बसवून कन्नड लिपीतही करा. मुतखड्याला तिकडे ‘किडनी कल्लु’ म्हणून शोधतात. मित्र नसेल तर कन्नडचा भाग सोडून देऊ नका, शाळेतल्या एखाद्या शिक्षकांना विचारा. बेळगाव जिल्ह्याचं चित्र कन्नडशिवाय काढलं तर ते अर्धंही होत नाही.

आता या शब्दांचे दोन गट पाडा, आणि ते शेवटपर्यंत एकमेकांत मिसळू देऊ नका.

पहिला गट मुतखड्याचा: मुतखडा, किडनी स्टोन, खड्यावर उपाय, पानफुटी, कुळथाचं पाणी, पोटात कळ.

दुसरा गट किडनी निकामी होण्याचा: क्रिएटिनिन, डायलिसिस, किडनी फेल, लघवीला फेस, किडनी ट्रान्सप्लांट, युरिया वाढणं.

हा आग्रह का, तर दोन्हीकडचा सल्ला एकमेकांच्या उलट जातो. मुतखड्याच्या माणसाला आपण सांगतो, भरपूर पाणी पी, शहाळं पी. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं आणि शहाळ्यातलं पोटॅशियम त्याच्या हृदयाला धोक्याचं ठरू शकतं. दोघंही गुगलवर ‘किडनीसाठी काय प्यावं’ असंच विचारतात. दोन्ही गट एकत्र करून ‘किडनीत लोकांना रस आहे’ असं म्हटलं आणि फ्लेक्सवर ‘रोज शहाळं प्या’ छापलं, तर शिबिरापेक्षा घरी बसणं बरं.

एक तिसरी यादीही लागते, टाकून द्यायच्या शब्दांची. इंग्रजीत राजम्याला जे नाव आहे त्यात ‘किडनी’ येतं, त्यामुळे राजमा शोधणाऱ्यांचे शोध आलेखात घुसतात. ‘किडनीची किंमत’, ‘किडनी विकणे’ आणि किडनी रॅकेटच्या बातम्याही येतात. ट्रेंड्समध्ये शब्दाआधी वजा चिन्ह लावलं की तो शब्द असलेले शोध वगळले जातात.

ट्रेंड्समध्ये प्रत्यक्ष मांडणी

गुगल ट्रेंड्स उघडा आणि ‘एक्सप्लोर’मध्ये जा. स्क्रीनची मांडणी गुगल अधूनमधून बदलतं, पण चार निवडी कायम असतात: ठिकाण, कालावधी, वर्गवारी आणि कुठला शोध (वेब, इमेज, बातम्या, शॉपिंग की यूट्यूब).

ठिकाणात आधी भारत, मग कर्नाटक निवडा. कालावधी सुरुवातीला पाच वर्षांचा घ्या. वर्गवारी ‘हेल्थ’ ठेवून एकदा आणि सगळ्या वर्गवारी ठेवून एकदा, असं दोनदा बघा. ‘हेल्थ’ लावल्यावर राजमा बराचसा बाहेर जातो, पण मराठीतले काही शोधही गळू शकतात. दोन्ही आलेखांचा आकार साधारण सारखा असेल तर काळजी नाही.

शब्द टाकताना गुगल खाली पर्याय दाखवतं. काहींपुढे ‘सर्च टर्म’ असतं, काहींपुढे ‘टॉपिक’ किंवा ‘डिसीज’. टर्म म्हणजे तुम्ही लिहिलेली तीच अक्षरं. टॉपिक म्हणजे त्या विषयावरचे वेगवेगळ्या भाषांतले, वेगवेगळ्या स्पेलिंगचे शोध गुगलने आपल्या समजुतीने एकत्र केलेले. तीन भाषा आणि तीन लिप्यांच्या आपल्या भागात टॉपिक सोयीचा वाटतो, आणि ढोबळ दिशा बघायला तो आहेही. पण ‘लघवीला फेस येतोय’सारखा बोलीतला शोध त्यात धरला गेलाय की नाही हे आपल्याला दिसत नाही. म्हणून टॉपिक एकदा बघा, नंतर स्वतःच्या शब्दांचा गट वेगळा चालवा.

गट चालवायला अधिक चिन्ह लागतं. मुतखडा + किडनी स्टोन + किडनी कल्लु असं एकाच चौकटीत लिहिलं की तिन्हींची बेरीज एकाच रेषेत येते. त्यातला कन्नड शब्द कन्नड लिपीत, आणि रोमन रूपं रोमनमध्ये. नेमका शब्दसमूह हवा असेल तर अवतरण चिन्हांत टाका.

एका वेळी पाच रेषांची तुलना होते. पाचापेक्षा जास्त गट असतील तर एक शब्द प्रत्येक फेरीत समान ठेवा. समजा ‘क्रिएटिनिन’ समान ठेवला. पहिल्या फेरीत त्याची सरासरी ४० आली आणि दुसऱ्या फेरीत ८०, तर दुसऱ्या फेरीतले सगळे आकडे निम्मे करा. आता दोन्ही फेऱ्या एका मापावर आल्या. समान शब्द मध्यम लोकप्रियतेचा निवडा. ‘कोरोना’सारखा अवाढव्य शब्द घेतला तर बाकीचे सगळे तळाशी ० आणि १ वर चेंगरतात.

० ते १०० म्हणजे काय

बहुतेकांची गफलत इथे होते. ट्रेंड्सवरचा १०० म्हणजे १०० शोध नव्हेत, आणि १०० टक्केही नव्हेत. त्या ठिकाणी, त्या काळात झालेल्या एकूण शोधांमध्ये या शब्दाचा वाटा ज्या वेळी सर्वांत मोठा होता, त्या वेळेला १०० म्हटलेलं असतं. बाकी सगळं त्याच्या प्रमाणात.

एक काल्पनिक हिशेब करून बघू. समजा एका आठवड्यात एक लाख शोध झाले, त्यांतले ४० ‘डायलिसिस’चे. काही वर्षांनी तेवढ्याच आठवड्यात दोन लाख शोध झाले, त्यांतले ६० ‘डायलिसिस’चे. शोधणारे ४० वरून ६० झाले, म्हणजे वाढले. पण वाटा ०.०४ टक्क्यांवरून ०.०३ वर आला. ट्रेंड्सवर १०० चे ७५ दिसणार. आणि कुणीतरी लेख लिहिणार की लोकांची किडनीबद्दलची जागरूकता पाव हिश्श्याने घटली!

स्वस्त डेटा आल्यापासून लोक गुगलवर क्रिकेटपासून भाजीच्या दरापर्यंत सगळंच शोधू लागले. एकूण शोध फुगले की आजाराचा वाटा आपोआप आकसतो. म्हणून दहा वर्षांपूर्वीची आणि आजची उंची थेट ताडून बघू नका. एकाच वर्षातले महिने ताडा, किंवा लागोपाठची दोन-तीन वर्षं.

शून्याचंही तसंच. ० म्हणजे कुणीच शोधलं नाही असं नव्हे; दाखवण्याइतका डेटा मिळाला नाही, एवढाच त्याचा अर्थ. छोट्या भागासाठी आणि मराठी शब्दांसाठी अशी शून्यं भरपूर येतात. शिवाय ट्रेंड्स सगळे शोध मोजत नाही, त्यांतला नमुना घेतं. त्यामुळे आज आणि चार दिवसांनी तोच आलेख काढला तर आकडे थोडे हलतात. राष्ट्रीय पातळीवर ते जाणवत नाही, आपल्याकडे जाणवतं.

आलेखावर २०११, २०१६ आणि २०२२ च्या जानेवारीत छोट्या टिपा दिसतात. तिथे गुगलने आपली मोजणी सुधारली आहे. त्या रेषेपाशी आलेख एकदम चढला किंवा उतरला तर त्याचा संबंध किडनीशी लावू नका.

सीमाभागाची खरी अडचण

ट्रेंड्समध्ये भारतासाठी राज्य निवडता येतं, जिल्हा नाही. कर्नाटक निवडलं की त्यात बेंगळुरू आलं, आणि तिथला इंटरनेटचा वापर एवढा मोठा की राज्याची रेषा ही बरीचशी बेंगळुरूचीच रेषा असते. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ होती, राज्याची सहा कोटी दहा लाखांच्या वर. म्हणजे लोकसंख्येतच आपला वाटा आठ टक्क्यांच्या आत, आणि इंटरनेटवरचा त्याहून कमी असण्याचीच शक्यता जास्त.

आलेखाखाली शहरांची यादी निघते, तिथे ‘कमी शोध असलेले भागही दाखवा’ ही खूण करा. बेळगाव त्यात आलं तर त्याचा आकडा म्हणजे बेळगावातल्या एकूण शोधांतला त्या शब्दाचा वाटा. तो बेंगळुरूपेक्षा जास्त दिसला म्हणजे तिथे जास्त माणसं शोधतात असं होत नाही. आणि शहराचं नाव शब्दासोबत जोडून शोध घेणार असाल तर लक्षात ठेवा: १ नोव्हेंबर २०१४ ला इंग्रजीतलं अधिकृत नाव बदललं, पण लोक आजही जुनं-नवं दोन्ही स्पेलिंग आणि देवनागरीतलं ‘बेळगाव’ वापरतात. अधिक चिन्हाने सगळी जोडा.

आता एक युक्ती. कर्नाटक ठेवून फक्त मराठीतच वापरले जाणारे शब्द टाका. ‘किडनी’ नको, कारण देवनागरीत हिंदीवालेही तोच लिहितात. ‘मुतखडा’, ‘लघवी’, ‘किडनीचे आजार’, ‘किडनी खराब होण्याची लक्षणे’ असे शब्द घ्या. कर्नाटकात बसून हे शब्द शोधणारा माणूस बहुधा बेळगाव, बिदर, कारवार या पट्ट्यातला, नाहीतर बेंगळुरूत नोकरीला गेलेला. म्हणजे जिल्हा निवडता येत नसला तरी भाषेच्या चाळणीतून सीमाभागाचा मराठी आवाज थोडाफार गाळून घेता येतो. आकडे बारीक येतील, मध्ये शून्यं असतील. कालावधी वाढवा, शब्द अधिक चिन्हाने एकत्र करा, आठवड्यांऐवजी महिन्यांवर जा. तरी रेषा दिसली नाही तर सोडून द्या. नसलेल्या डेटातून आकार काढत बसायचं नाही.

दुसरी भानगड म्हणजे माणूस कुठला आणि दवाखाना कुठला. निपाणीचा पेशंट कोल्हापूरला जातो, अथणी-कागवाडचा मिरजेला, खानापूरचा बेळगावला किंवा गोव्यात बांबोळीला, सौंदत्तीचा हुबळीला. मिरजेच्या वॉन्लेस रुग्णालयाची वाट तर या भागाने पिढ्यान्‌पिढ्या तुडवली आहे. ते १८९४ पासूनचं. ज्या दिवशी माणूस दवाखान्याच्या बाकावर बसून शोधतो त्या दिवशी त्याचा शोध महाराष्ट्रात किंवा गोव्यात मोजला जातो. शोधाचं ठिकाण गुगल अंदाजाने ठरवतं. सीमेवरच्या गावात मोबाइल पलीकडच्या टॉवरला चिकटला तर तो अंदाजही डळमळतो.

म्हणून कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्हींचे आलेख काढा. वेगवेगळे काढले तर तिघांचेही १०० आपापले असतात, उंची ताडता येत नाही. तुलनेतल्या प्रत्येक शब्दाला वेगळं ठिकाण लावता येतं; तोच शब्द तीनदा टाकून प्रत्येकाला एकेक राज्य दिलं की तिन्ही रेषा एका मापावर येतात. महाराष्ट्राची शहरांची यादी उघडून कोल्हापूर, मिरज, सांगलीकडे नजर टाका.

उपचारांच्या सरकारी योजनांचे शोध इथे वेगळा गट म्हणून ठेवण्यासारखे आहेत. एका बाजूला २०१८ पासूनची ‘आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक’, दुसऱ्या बाजूला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, जी २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली आणि त्यावरून दोन्ही राज्यांत जुंपली. शिवाय २०१६ ची प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस योजना. ‘डायलिसिस फ्री कुठं होतं’ असं शोधणारा माणूस बहुतेक आजार कळून चुकलेला असतो. त्याला लक्षणं सांगून उपयोग नाही, त्याला कागदपत्रांची यादी आणि काउंटर सांगावा लागतो. शिबिरात अशा लोकांसाठी एक टेबल वेगळं ठेवा.

आकडे उतरवून घ्या

आलेखाच्या कोपऱ्यात खाली बाण असलेलं बटण आहे. त्याने सीएसव्ही फाइल उतरते, ती कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडते. फाइलच्या नावात तारीख, राज्य आणि गट लिहा, नाहीतर दोन आठवड्यांनी कुठली कोणती ते कळत नाही. तोच आलेख वेगवेगळ्या दिवशी उतरवा. लागोपाठच्या पाच-सहा मिनिटांत पुन्हा उतरवून फायदा नाही, तीच साठवलेली उत्तरं परत येतात. मग प्रत्येक आठवड्याची सरासरी काढा. ‘१ पेक्षा कमी’ असं चिन्ह आलं तर तिथे ०.५ धरा आणि तसं धरल्याचं शीटमध्येच लिहून ठेवा.

कालावधीचं गणित असं: सात दिवसांचा आलेख तासातासाचा असतो, काही महिन्यांचा दिवसादिवसाचा, पाच वर्षांपर्यंतचा आठवड्यांचा आणि त्याहून मोठा महिन्यांचा. मूत्रपिंड दिनाचा परिणाम बघायचा तर १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल असा तुकडा घ्या, म्हणजे दिवस दिसतील. पाच वर्षांच्या आलेखात तो गुरुवार एका आठवड्याच्या ठिपक्यात विरून जातो.

उंचवटे कशाचे?

रेषेत सुळका दिसला की आधी त्या तारखेचं वर्तमानपत्र बघा. सुषमा स्वराज यांनी आपल्या किडनी निकामी झाल्याचं १६ नोव्हेंबर २०१६ ला ट्वीट करून सांगितलं आणि १० डिसेंबरला त्यांच्यावर प्रत्यारोपण झालं. अरुण जेटलींचं प्रत्यारोपण १४ मे २०१८ चं. लालूप्रसाद यादवांना मुलीने किडनी दिली ती ५ डिसेंबर २०२२ ला. अशा दिवसांच्या आसपास ‘ट्रान्सप्लांट’ आणि ‘किडनी कोण देऊ शकतं’ हे शोध तपासा. बातमीचा सुळका झपकन चढतो आणि झपकन उतरतो, आणि तो ‘बातम्या’ या प्रकारातही दिसतो. त्यावरून आपल्या तालुक्याबद्दल काहीही म्हणता येत नाही.

दुसरा प्रकार दरवर्षी येणारा चढ. उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी होऊन लघवी दाट होते आणि खड्याचा त्रास वाढतो, हे डॉक्टरांना माहीत आहेच. मुतखड्याच्या गटात मार्च ते मे चढ दिसतो का, हे लागोपाठच्या वर्षांत बघा. क्रिएटिनिनच्या गटात तसं ऋतुमान दिसलं नाही तर तेही एक उत्तरच, कारण मधुमेह आणि रक्तदाबामुळे किडनी हळूहळू खराब होते, ऊन-पाऊस बघून नाही. आणि मूत्रपिंड दिन नेमका मार्चमध्ये पडतो, म्हणजे दोन्ही गट एकत्र ठेवले तर उन्हाळ्याचं श्रेय जनजागृतीला जाणार. (आयोजकांना ते आवडेल, पण ते खरं नसेल.)

२०२० आणि २०२१ चे आकडे सरळ बाजूला ठेवा. त्या दोन वर्षांत आजारांच्या शोधांचं सगळं प्रमाणच बिघडलेलं आहे.

आलेखाखाली ‘संबंधित शोध’ अशी चौकट असते. माझ्या मते शिबिरवाल्यांसाठी अख्ख्या ट्रेंड्समध्ये सगळ्यात कामाची हीच. तिच्यात ‘टॉप’ म्हणजे नेहमीचे शोध, ‘रायझिंग’ म्हणजे झपाट्याने वाढलेले. ‘ब्रेकआउट’ लिहिलेलं असेल तर वाढ ५००० टक्क्यांच्या वर, पण मुळात शोध दोन-चारच असतील तरी असं होतं. इथे लोकांच्या मनातलं थेट वाचायला मिळतं. ‘क्रिएटिनिन कमी करायचा घरगुती उपाय’ असलं काही वर आलं तर समजा की कुठलंतरी व्हिडिओ फिरतंय, आणि वक्त्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा की प्रश्न येणार. दुखण्याच्या गोळ्या मनाने घेण्याचा विषयही तिथेच जोडता येतो.

ट्रेंड्सच्या जोडीला

खरे आकडे हवे असतील तर गुगल अ‍ॅड्सच्या खात्यातलं कीवर्ड प्लॅनर बघा. जाहिरात न देताही ते वापरता येतं, पण मग नेमका आकडा न देता १० ते १००, १०० ते १,००० असे पट्टे देतं. त्याचा मोठा फायदा म्हणजे तिथे राज्याच्या खाली उतरून शहर निवडता येतं. बेळगावसाठी ‘मुतखडा’ कुठल्या पट्ट्यात आणि ‘मूत्रपिंड’ कुठल्या, एवढं कळलं तरी फ्लेक्सचा मथळा ठरतो. जवळजवळ सारखे शब्द तिथे एकत्र मोजलेले असतात, त्यामुळे स्पेलिंगचा बारीक अभ्यास मात्र तिथे करू नका.

यूट्यूब विसरू नका. वाचायला कंटाळणारी, किंवा वाचता न येणारी माणसं तिथेच जातात. ट्रेंड्समध्ये शोधाचा प्रकार ‘यूट्यूब’ करून २००८ पासूनची रेषा मिळते. विकिपीडियाच्या लेखांना किती भेटी मिळतात हे जुलै २०१५ पासून उघड्यावर बघता येतं, मराठी आणि कन्नड लेखांचं वेगवेगळं. जिल्हा कळत नाही, भाषा कळते.

शेवटी वही आणि रजिस्टर

२००८ मध्ये गुगलने सर्चवरून फ्लूची साथ ओळखणारी सेवा सुरू केली होती. पुढच्याच वर्षी ‘नेचर’मध्ये तिच्यावर लेख आला, जगभर वाहवा झाली. २०१२-१३ च्या हंगामात तिने अमेरिकेतला फ्लू प्रत्यक्षापेक्षा जवळपास दुप्पट दाखवला आणि २०१५ मध्ये ती बंद झाली. लोक आजारी पडल्यावरच शोधतात असं नाही, बातम्या बघून घाबरल्यावरही शोधतात.

किडनीच्या बाबतीत तर उलटीही भीती आहे. हा आजार सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे ज्यांनी शोधायला हवं ते शोधतच नाहीत. त्यात इंटरनेट कुणाच्या हातात आहे तेही बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३.३ टक्के आणि पुरुष ५७.१ टक्के होते. उसाच्या फडात दिवसभर पाणी न पिता राबणारी पन्नाशीची बाई आपल्या आलेखात जवळपास नाहीच. तिचं बीपी कुणीतरी घरी जाऊनच मोजावं लागतं.

म्हणून आलेखातून निघालेली प्रत्येक गोष्ट एकदा जमिनीवर तपासा. तालुका रुग्णालयातल्या डायलिसिस सेंटरच्या सिस्टरांना विचारा, नवीन पेशंट कुठल्या महिन्यात जास्त येतात. लॅबवाल्याला विचारा, उन्हाळ्यात खड्याच्या सोनोग्राफीची गर्दी वाढते का. नावं विचारू नका, फक्त महिन्यांचे ढोबळ अंदाज घ्या. कुठल्या गल्लीत कोण डायलिसिसवर आहे हे आपल्या शीटमध्ये येताच कामा नये. दोन्हीकडचं जुळलं तर पुढे जा, नाही जुळलं तर डायलिसिस सेंटरच्या शब्दावर विश्वास ठेवा.

आणि मथळा छापायच्या आधी दोन नमुने काढा. एकावर शासकीय मराठी, दुसऱ्यावर संबंधित शोधांच्या चौकटीतून उचललेलं वाक्य, उदाहरणार्थ ‘क्रिएटिनिन वाढलंय? रिपोर्ट घेऊन या’. खाली तेच कन्नडमध्ये. दोन्ही नमुने औषध दुकानाच्या काउंटरवर ठेवा आणि दुकानदाराला सांगा, लोक कुठल्या कागदापाशी थांबून वाचतात ते दोन-तीन दिवस बघा. छपाईची ऑर्डर त्यानंतर द्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात परीक्षांचे आणि जत्रांचे फ्लेक्स असतात, प्रेसवाले ऐनवेळी घेत नाहीत.